पोटाचं डायलिसिस: पाणी निघताना शेवटी शेवटी कळ येते. तुम्हाला होतं का असं?

डबलबेल_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी एसटीतला कंडक्टर, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. शुगर जुनी, तिनंच किडन्या खाल्ल्या. गड्ड्याची जत्रा चालू होती त्याच आठवड्यात पोटात नळी बसवली आणि फेब्रुवारीपासून घरीच पीडी, म्हणजे हे पोटाचं डायलिसिस, चालू आहे. दिवसाला औषधी पाण्याच्या तीन बॅगा, दोन-दोन लिटरच्या: नळीतून पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं आणि नवीन भरायचं. दोन पिवळ्या (कमी साखरेच्या), रात्री एक हिरवी (जास्त साखरेची).

दवाखान्यातल्या रक्ताच्या डायलिसिस मशीनवर का नाही गेलो म्हणाल, तर अख्खी नोकरी दुसऱ्यानं लावलेल्या ड्युटीवर काढली. आता आठवड्यातून तीन दिवस परत कुणाच्या तरी वेळापत्रकावर जायची इच्छा नव्हती. त्याचा पस्तावा नाही. बायको सगळं शिकली, माझ्यापेक्षा तिचा हात सफाईचा आहे.

पण एक गोष्ट सोसवत नाही. ड्रेन लावला, म्हणजे पोटातलं जुनं पाणी बाहेर सोडलं, की पहिलं दीड-पावणेदोन लिटर पाणी झरझर येतं, काही कळतसुद्धा नाही. शेवटच्या दोनेकशे मिलीला मात्र आतून कुणीतरी चिमट्यात धरून ओढायलंय असं वाटतं. बेंबीच्या खाली, कधी थेट संडासच्या जागेपर्यंत कळ जाते. नवीन बॅगेचं पाणी आत जायला लागलं की दोन मिनिटांत थांबते. त्यात सोलापूरचा एप्रिल, जंतू जाऊ नयेत म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क. घामानं बनियन भिजतो आणि मी पलंगाची पट्टी धरून बसतो. बायको तोंड फिरवते, तिला बघवत नाही.

सेंटरला फोन केला तर "सुरुवातीला होतं असं, सवय होईल" म्हणाले आणि ठेवला. घरात बायकोच्या गुडघ्याची गोळी होती, ती दोनदा घेऊन बघितली. काही फरक नाही.

हे सगळ्यांना होतं का? का माझी नळी बिघडली? आणि सवय होते म्हणजे किती महिन्यांनी?

सूनबाई_अक्कलकोटरोड

काका, माझ्या सासूबाईंचं पीडीचं चौथं वर्ष चालू आहे. पहिले तीन महिने हेच होतं. त्या तर "आतडं बाहेर काढायलीस का गं" म्हणून माझ्यावरच ओरडायच्या.

आधी एक विचारते, राग मानू नका. पोट रोज साफ होतं का? आमच्याकडे मूळ तिथंच निघालं. फॉस्फरस कमी करायच्या आणि लोहाच्या गोळ्यांनी त्यांना खडा धरायचा, वर पाणी मोजून प्यायचं. आतडं भरलेलं असलं की नळीला जागा कुठली राहणार? डॉक्टरांनी रात्रीचं पातळ औषध दिलं, आठ दिवसांत कळ निम्म्यावर आली.

दुसरं म्हणजे, तुम्ही पलंगावर उंच बसता आणि ड्रेन बॅग खाली फरशीवर असते ना? जितकी बॅग खाली तितकी ओढ जास्त. आम्ही बॅगेखाली दोन पाट ठेवले, एकावर एक. पाणी थोडं सावकाश येतं, पण तो झटका बसत नाही. शेवटचं पाणी राहिलं की सासूबाई उजव्या कुशीला थोड्या कलतात. तुम्हाला कुठली बाजू मानवते ते बघावं लागेल, प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणे.

लूमवाला

काका मी स्वतः पेशंट, दोन वर्षं झाली. ड्रेनची कळ मला कधी आली नाही पण खांद्याची आली. उजव्या खांद्यात असं दुखायचं की वाटायचं लूमवर काहीतरी उचललं असेल. नंतर कळलं, बॅग जोडल्यावर नळीतली हवा मी नीट काढत नव्हतो. ती हवा पोटात जाऊन वर छाती-पोटामधल्या पडद्याखाली बसते आणि दुखतो खांदा! आता फ्लश करताना, म्हणजे आधी थोडं पाणी सोडून नळीतली हवा काढताना, घाई करत नाही.

अजून एक शहाणपणा सांगतो, करू नका. मागच्या मे महिन्यात बॅग कोमट करायची म्हणून पत्र्यावर उन्हात ठेवली. अर्ध्या तासानं आणून लावली. आतून पोळलं ना राव! नळीचा चिमटा, क्लॅम्प, बंद करायचं सुचेना. आपल्याकडं मे महिन्यात बॅग गरम करायची गरजच काय, कपाटात ठेवलेली पण कोमटच असते.

पोटाला हिंग लावून बघा, आमची आई लावते. काय होत नाही त्यानं, पण बरं वाटतं.

पीडी_सिस्टर

माहेर सोलापूरचं, सध्या पुण्यात पीडी युनिटला काम करते. काका, "सवय होईल" एवढं सांगून फोन ठेवणं बरोबर नाही. पुन्हा करा आणि दुखणं नेमकं कधी येतं ते असंच सांगा जसं इथं लिहिलंय, कारण त्यातच उत्तर आहे.

पाणी भरलेलं असतं तोवर नळीचं टोक त्यात तरंगतं. पोट रिकामं झालं की तेच टोक आतल्या पातळ पडद्याला चिकटतं आणि ओढ सुरूच असते, म्हणून कळ. पाणी परत भरलं की टोक सुटतं आणि कळ जाते. तुमचं पाणी झरझर येतंय, म्हणजे नळी बहुतेक जागेवरच आहे. शंका वाटली तर डॉक्टर पोटाचा एक्स-रे काढून बघतील. सूनबाईंनी सांगितलेले दोन्ही उपाय योग्य आहेत. शिवाय कळ सुरू व्हायच्या आधी क्लॅम्प लावून थोडं पाणी आत राहू दिलं तरी चालतं, पण किती ते सेंटरला ठरवू द्या. मनानं केलं तर रोज थोडं थोडं साचत जाईल आणि मग पोट फुगेल, दम लागेल.

गुडघ्याची गोळी आजपासून बंद. तुम्हाला अजून लघवी होते ना? ती जितकी टिकेल तितकं सोनं आहे, आणि या गोळ्या तीच कमी करतात. जुलाबाचं औषधसुद्धा मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका, मॅग्नेशियमवालं तर नाहीच.

लूमवाले दादा, हिंग लावा, पण नळीच्या जागेपासून लांब. आणि बॅग गरम पाण्यात बुडवणारेही लोक भेटतात मला. ओल्या तोंडातून जंतू आत जातात. कोरडी ऊब, तीही अंगाच्या तापमानाइतकीच. खांद्याबद्दल एक: कळ छातीत आली, घाम फुटला, दम लागला तर ती हवा समजून घरी बसायचं नाही, विशेषतः शुगरवाल्यांनी.

काका, तुमची कळ पाणी भरलं की जाते. जी जात नाही, सतत राहते, ती वेगळी. निघालेली बॅग छापील वर्तमानपत्रावर ठेवा. अक्षरं वाचता आली तर ठीक. पाणी पेजेसारखं गढूळ दिसलं तर, ताप नसला तरी, त्याच दिवशी ती बॅग घेऊन दवाखान्यात जायचं. बॅग ओतून टाकून जाऊ नका, तपासणी तिचीच होते. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाऊन तर अजिबात नाही.

डबलबेल_सोलापूर

बारा दिवसांनी लिहायलोय, माफ करा.

सूनबाई, तुमचा पहिला प्रश्न वाचून बायको अशी हसली की बस्स. चार-चार दिवस माझं पोट साफ नव्हतं आणि मी ते कुणाला सांगत नव्हतो. तीस वर्षं गाडीवर असताना वेळ मिळेल तेव्हा जायचं हीच सवय. सेंटरला परत फोन केला, या वेळी दुसऱ्या सिस्टरनी नीट ऐकून घेतलं. रात्रीचं औषध चालू झालं, एक्स-रे झाला, नळी जागेवर आहे. शेवटचं शंभर मिली आत ठेवायला सांगितलं, फक्त सकाळच्या बॅगेला पूर्ण काढायचं.

पाटाचा प्रयोग भारी. आमच्याकडे देव्हाऱ्यातला एकच पाट, तो बायको देईना. शेवटी माझी तिकिटाच्या ट्रेची जुनी पत्र्याची पेटी काढली, माळ्यावर पडून होती. उंची बरोबर बसली. आता ड्रेन बॅग तिच्यावर असते. काट्यावर वजन करून वहीत लिहितो, कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखं, वेबिलसारखं: किती गेलं, किती आलं. आकडा जुळला नाही की जुना जीव कासावीस होतो.

कळ गेली का? नाही गेली. पण आधी पलंगाची पट्टी धरायला लागायची, आता "आली बघ" म्हणतो आणि क्लॅम्प लावतो. दुपारच्या बॅगेला तर कधी कधी येतच नाही. गोळी बंद केली. वर्तमानपत्राचं पण चालू केलं, बायको तेवढ्यात राशिभविष्य वाचून घेते.

आता नवीन तक्रार. रात्री दोन लिटर पोटात घेऊन झोपलं की कंबर भरून येते, उताणं झोपवत नाही. आणि लुंगीची गाठ बरोबर नळीवर येते. कुणी काय करतं?

सूनबाई_अक्कलकोटरोड

गाठ बाजूला, नळीच्या उलट अंगाला बांधा काका. आणि नळी पोटावर टेपनं चिकटवून ठेवा, लोंबती नको. सासूबाईंना आम्ही जुन्या सोलापुरी चादरीची जाड घडी करून गुडघ्यांखाली देतो, कंबर टेकते मग. कंबरेचं सिस्टरना पण विचारा, रात्रीची बॅग थोडी कमी भरता येते का ते डॉक्टर सांगतील. आमची १८०० मिलीवर आणलीय.