एफवायबीकॉम सुरू होतंय, मराठी मीडियम, बदलापूर ते माटुंगा. काय तयारी करू?

बदलापूरची_मुलगी:
नमस्कार, बारावी कॉमर्स मराठीतून केलं, आता माटुंग्याला एफवायबीकॉमला, म्हणजे बीकॉमच्या पहिल्या वर्षाला, अॅडमिशन मिळालंय. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही. लेक्चर इंग्लिशमध्ये असतात म्हणे, मला वाचलेलं कळतं पण बोललेलं पटकन डोक्यात शिरत नाही आणि वर्गात तोंड उघडायची तर जामच भीती वाटते. क्लास लावू का? दादा-ताईंनो, सांगा ना.

डोंबिवलीकरीण:
अगं क्लास इतक्यात नको, पैसेही जातील आणि संध्याकाळही. मीपण मराठी मीडियमचीच. अकाउंट्स तुला येतंच आहे, रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हेच सगळं आता जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट म्हणून समोर येतं, आकडेमोड तीच. एका वहीत दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून ठेव आणि उद्याचा धडा आदल्या रात्री वाचून जा, मग सरांचं बोलणं कानाला ओळखीचं वाटतं. जड जाईल ते इकॉनॉमिक्स, तिथे पानंच्या पानं लिहायची असतात. पेपर मराठीत लिहिता येतो का ते ऑफिसात आत्ताच विचारून घे. पुढच्या बाकावर बस, शंका लेक्चर संपल्यावर मराठीत विचार, खरंच कोणी हसत नाही. आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं की आईबाबांना बोलावतात.

सेंट्रल_लाइन:
मी प्रवासाचं सांगतो. माटुंग्याला फास्ट लोकल थांबत नाही, घाटकोपर नाहीतर कुर्ल्याला उतरून स्लो पकड. दादरला जाऊन उलटं यायचं मनातही आणू नकोस, तुझा पास माटुंग्यापर्यंतचाच असणार, दादरला टीसीने धरलं तर दंड. कॉलेजमधून कन्सेशन फॉर्म घे, पास निम्म्या किमतीत होतो, तीन महिन्यांचाच काढ. सुरुवातीला ऑफिसबाहेर ही मोठी लाइन असते, त्यामुळे आयकार्ड हातात पडलं की लगेच जा.

बदलापूरची_मुलगी:
पासचं तर कोणीच सांगितलं नव्हतं, खूप थँक्यू दादा! ताई, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेऊ का? अभ्यासाला वेळ राहील ना?

डोंबिवलीकरीण:
घे गं, तुझ्यासारखीने तर घ्यायलाच हवं. दोन वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचा कॅम्प, तिथे स्वयंपाकापासून स्टेजपर्यंत सगळ्यांना पुढे यावंच लागतं, माझी भीती तिथेच गेली. फक्त परतीची लोकल बघून प्रोग्रॅम ऑफिसर मॅडमना आधीच सांग, लांब राहणाऱ्या मुलींना त्या लवकर सोडतात.