जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे ॲव्हरेज वाढवायचे असेल, तर आधी इंजिनाला हात लावू नये

चिखलवाट (मूळ लेखन):
माझी लॅडर फ्रेमवरची (शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली) डिझेल गाडी तीस वर्षांची झाली आहे. तिचे ॲव्हरेज लिटरला ९ किलोमीटरांवरून ८ वर आले, तेव्हा ओळखीच्या बहुतेकांनी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझल आणि पंपाकडे बोट दाखवले. मला ते पटत नाही. अशा गाड्यांचे जास्तीचे इंधन बहुधा इंजिनापेक्षा मालकाने हौसेने चढवलेल्या सामानापायी जळते. मी स्वतः २९ इंची टायर काढून ३१ इंची मड टायर घातले, टपावर लोखंडी कॅरियर बसवले, पुढे जाड बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) लावली, आणि मग गाडी पीत बसते म्हणून कुरकुर केली.

मड टायरचे मोठे ठोकळे डांबरी रस्त्यावर सतत दबतात आणि सुटतात, आणि त्यात शक्ती वाया जाते. कॅरियर तर रिकामे असले तरी वारा अडवते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० ऐवजी १०० ने चालवल्यास तेवढ्याच अंतरासाठी तो सुमारे दीडपट होतो, आणि आपल्या गाड्यांचा आकार कपाटासारखा असल्यामुळे हा फटका त्यांना अधिक बसतो. म्हणून माझे मत असे की, पाना प्रथम उलटा फिरवावा, म्हणजे लावलेले काढावे. वेग ८० च्या आसपास ठेवावा. आणि वाळूत जाण्यासाठी टायरची हवा कमी केली असेल, तर पक्क्या रस्त्याला लागताच ती पुन्हा भरावी. कमी हवेवर वेगाने चालवलेला टायर तापून फुटूही शकतो.

टॅपेट:
आपल्या आकड्यातच गफलत आहे. टायर २९ इंचांवरून ३१ इंचांवर गेला की प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे सात टक्के अधिक अंतर कापते. मीटर मात्र जुन्याच घेराचा हिशोब धरतो. म्हणजे मीटरवर १०० किलोमीटर दिसतात, तेव्हा गाडी जवळजवळ १०७ चाललेली असते. आपले ८ किलोमीटर प्रत्यक्षात साडेआठच्या थोडे वर आहेत, आणि ज्या घटीचा दोष आपण टायर व कॅरियरला देत आहात, तिच्यातली निम्म्याहून अधिक घट कागदावरची आहे.

दुसरे असे की, तीस वर्षे चाललेल्या यंत्राची तपासणी न करताच त्याला निर्दोष ठरवणे मला धाडसाचे वाटते. माझ्या गाडीचा तापमानाचा काटा कधी मध्यापर्यंत चढतच नसे आणि मी त्यालाच इंजिन थंड राहण्याचे सुख समजत होतो. एके सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला (पंख्यापासून बोटे दूर ठेवूनच हे करावे). थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) ठीक असेल, तर पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. माझा पाइप पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट होत गेला. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता आणि इंजिन कायम अर्धवट गरम चालत होते. थंड इंजिनात तेल घट्ट राहते, घर्षण वाढते आणि डिझेल अधिक लागते. कॅरियर उतरवून हा दोष कसा बरे सापडला असता? टॅपेटचे (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भागाचे) अंतर, तुंबलेला एअर फिल्टर आणि नोझलचा फवारा या गोष्टी पाहिल्याशिवाय टायर बदलण्याचा सल्ला कोणालाही देऊ नये. इंधन वाचवतात म्हणून नळीवर लावायच्या चुंबकांचा काही उपयोग नाही, याबद्दल मात्र आपले एकमत असेल अशी आशा आहे.

रानगवा:
लिटरमागे एका किलोमीटरसाठी एवढा खटाटोप मला अनाठायी वाटतो. ही गाडी चिखल आणि चढासाठी बनलेली आहे. ज्याला ॲव्हरेज हवे असेल, त्याने हलकी गाडी घ्यावी आणि हिला हिच्या कामापुरती बाहेर काढावी.

चिखलवाट:
रानगवा, किलोमीटरांऐवजी लिटर मोजून पाहावेत. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणारी गाडी ८ चे ९ देऊ लागली, तर सुमारे १३९ लिटर वाचतात. तीच सुधारणा १५ वरून १६ अशी झाली, तर जेमतेम ४२. जी गाडी अधिक पिते, तिच्यातला एक किलोमीटर अधिक मोलाचा असतो.

टॅपेट, मीटरची चूक मी मान्य करतो. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे अंतर मी मीटरवरूनच घेतले होते. यापुढे ते जीपीएसवर मोजेन. पाइपची परीक्षाही केली. तो बराच वेळ गार राहिला आणि मग एकदम तापला, त्यामुळे थर्मोस्टॅट निर्दोष सुटला. परंतु ब्रेक फारसे न वापरता वीस किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात नेला, तेव्हा मागचे डावे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले. जॅकवर उचलल्यावर ते हाताने दोन फेरेही नीट फिरेना. ब्रेकचे लायनर ड्रमला घासत आहे. हा दोष इंजिनाचा नाही, एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

टॅपेट:
तो आपण लावलेल्या सामानाचाही नाही, हे माझ्या बाजूने नोंदवतो. ड्रम आधी मोकळा करावा आणि एक पूर्ण टाकी त्यावर चालवावी. पुढचे फ्री-व्हील हब (पुढची चाके शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे भाग) लॉक राहिलेले नाहीत ना, तेही पाहावे, कारण ते लॉक असताना टू-व्हील ड्राइव्हमध्येही पुढचा डिफरन्शियल आणि शाफ्ट उगाच फिरत राहतात. मात्र तोवर कॅरियरला हात लावू नये. दोन्ही कामे एकाच आठवड्यात केलीत, तर फरक कशाने पडला यावर आपण पुढचे वर्षभर भांडत बसू.