नववी-दहावीच्या पोरांचं उघड्यावरचं नाटक, बघणाऱ्यांनी पण उठून करायचं असं – सल्ला हवाय (कोल्हापूर)

राजारामपुरीकरीण: नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात येणाऱ्या नववी-दहावीच्या पोरापोरींना नाटक बसवायचंय, पण स्टेजवर नको म्हणतात, बागेत नाहीतर मैदानात, लोकांच्यात मिसळून. विषय त्यांचेच, मार्कांची तुलना, मोबाईल, मुलगा-मुलगी बोलताना दिसली की गल्लीत होणारी चर्चा. पथनाट्य करून टाळ्या घेऊन निघून यायचं नाही, बघायला आलेल्या आईबापांनी पण त्यात बोलायचं, असं त्यांच्या डोक्यात आहे आणि मला ते लई आवडलंय. कसं बसवायचं आणि कुठं करायचं?

पडद्यामागचा: ताई, याला फोरम थिएटर म्हणतात, ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी रुजवलेला प्रकार. दहा-बारा मिनिटांचा प्रसंग, शेवट वाईटच ठेवायचा. समजा जेवताना बाप पोरीचा फोन हिसकावून मेसेज मोठ्यानं वाचतोय, आई आमटी वाढत गप्प, भाऊ हसतोय, पोरगी ताटावरून उठून जाते. संपलं. मग तोच प्रसंग परत पहिल्यापासून, आणि आता बघणाऱ्यातलं कुणीही "थांबा" म्हणून पोरीच्या जागी यायचं आणि वेगळं वागून बघायचं, बाकीचे आपापली भूमिका सोडत नाहीत. बापाला एकदम शहाणा करायची परवानगी नाही, नाहीतर प्रश्न जादूनं सुटतो आणि कुणालाच काही मिळत नाही. लोकांना बोलतं करणारा एकजण लागतो, त्याला जोकर म्हणतात, ते काम मोठ्या माणसाला द्या. स्क्रिप्ट मात्र तुम्ही लिहू नका, पोरांनाच बोलू द्या, मोठ्यांनी लिहिलं की उपदेश होतो.

पेठेतला: संध्याकाळी रंकाळा तलावावर नको हो, भेळगाड्या आणि हॉर्नच्या आवाजात एक वाक्य ऐकू येणार नाही. टाऊन हॉलची बाग बघा, रविवारी सकाळी, झाडाखाली. लोकांना गोलात जमिनीवर बसवा म्हणजे उठून मधे यायला कुणी लाजत नाही, आपल्याकडं खासबाग मैदानात १९१२ पासून लोक गोलात बसूनच कुस्ती बघतायत की. महापालिका आणि पोलीस दोन्हीकडं आधी विचारा. पावसाळ्यात जमत नाही, फेब्रुवारी-मार्चला बोर्डाची परीक्षा, तेव्हा दिवाळी झाली की लगेच उरका.

शाळेतली ताई: मी समुपदेशनाचं काम करते म्हणून हे कळकळीनं सांगते. ज्या पोराच्या घरी घडलंय त्यालाच ते करायला लावू नका, चार जणांच्या गोष्टी मिसळून एक करा म्हणजे गल्लीत कुणी ओळखणार नाही. शूटिंग पूर्ण बंद ठेवा, एक रील फिरलं की त्या पोरीचं शाळेत जाणं अवघड होतं. आणि तालमीत कुणी अत्याचाराचं काही बोललं तर तिथंच थांबा, इतरांसमोर खोदून विचारू नका. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली (२०१२) ते कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लागतो, रात्रीअपरात्री पण.

राजारामपुरीकरीण: शूटिंगचं डोक्यातच आलं नव्हतं ताई, पालकांना आधीच लिहून कळवते. फोनचा प्रसंग पोरांना वाचून दाखवला तर दोघी लगेच म्हणाल्या, आम्हाला बाप करायचाय! शनिवारपासून तालीम सुरू. टाऊन हॉलच्या बागेसाठी कुणी परवानगी काढली असेल तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा तेवढं सांगा, आणि जोकरचं काम करायला कुणी तयार असेल तर इथंच कळवा.

पडद्यामागचा: मी येतो की. शनिवारी किती वाजता?