मदत हवी आहे : रेकॉर्ड सुरात नाही वाजत, काहून?

पिपाणी_आर्वी
रेकॉर्ड सुरात नाही वाजत. सुई नवीन टाकली, प्लेयर पुसला, खाली पुठ्ठा देऊन लेव्हल केला, काही फरक नाही. सूर चढा येते. पेटीशी जुळत नाही, माझ्याशी जुळत नाही. दोन महिन्यांपासून हेच करून राह्यलो, घरच्यांचं डोकं फिरलं. तुळशीच्या लग्नानंतर आमचा सीझन लागते, मंग श्वास घ्यायले वेळ नसते. त्याच्या आधी पाह्यजे. कोणाले माहीत असन तर लवकर सांगा.

तर्रीवाला
कोणती रेकॉर्ड? कोणता प्लेयर? "माझ्याशी जुळत नाही" म्हणजे तुम्ही गाता, वाजवता, की नुसते रागावता? डॉक्टरकडे जाऊन "दुखते" एवढंच सांगितल्यासारखं आहे हे.

लाखेची_तबकडी
७८ ची असणार, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी. नव्या लोकांना वाटतं ७८ म्हणजे ७८. तसं नसतं. १९२५ च्या आधीच्या तबकड्या प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीच्या वेगाने भरायची, कुठली ७४ ला बरोबर लागते तर कुठली ८० ला. कानाने लावावी लागते. आणि सुई कोणती टाकलीत? ७८ ला ३ मिलची लागते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डची, १ मिलची टाकली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि निव्वळ खरखर ऐकू येते. माझ्याकडे लुई आर्मस्ट्राँगची १९२८ ची 'वेस्ट एंड ब्लूज' आहे, सुरुवातीचा तो एकट्या ट्रम्पेटचा तुकडा योग्य सुईने ऐकाल तर जेवण विसराल. आणखी एक : ७८ कधीही स्पिरिटने पुसू नका. ती लाखेची असते, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. आपल्या गोंदियाकडे पळसावर होते तीच लाख. एका ओळखीच्याने अख्खा डबा पुसून पांढरा केला होता.

पिपाणी_आर्वी
७८ नाही. एलपी हाय. स्पिरिट लावलंच नाही.

तर्रीवाला
छान, एक उत्तर मिळालं. बाकीचे प्रश्न अजून उभेच आहेत.

फेज_गेली
भाऊ, गाव आर्वीकडचं म्हणजे व्होल्टेजचा प्रॉब्लेम. दुसरं काही असूच शकत नाही. आमच्याकडे पंपाची तीन फेज रात्री येते, गावातले सगळे मोटर चालू करतात आणि घरातला बल्ब मेणबत्तीसारखा होतो. स्टॅबिलायझर घ्या. मी फ्रिजला लावला, तेव्हापासून काही त्रास नाही.

आयटीआय_फिटर
फ्रिजचा आणि याचा काय संबंध? व्होल्टेज पडलं तर मोटर हळू होईल, सूर उतरेल. त्यांचा चढतोय. शिवाय अशा जुन्या प्लेयरच्या मोटरला वेग मिळतो तो मुख्यतः फ्रिक्वेन्सीवरून, व्होल्टेजवरून नाही. ५० हर्ट्झ आहे तोवर प्लेट आपल्या वेगाने फिरते. इन्व्हर्टरवर लावता का? स्वस्त इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी धड देत नाहीत.

फेज_गेली
मी माझा अनुभव सांगितला. पुस्तकी ज्ञान सगळ्यांना असतं.

पिपाणी_आर्वी
इन्व्हर्टरवर लावली, लाईनवर बी लावली. सारखंच. प्लेयरवर गॅरार्ड लिहिलं हाय, खाली रबरी चाक हाय, वेग कमीजास्त करायची खुंटी नाही. मी क्लॅरनेट वाजवतो, बँडमधी. पुलगावचे एक रिटायर गार्डसाहेब होते, जाताना खोकाभर एलपी देऊन गेले, तीनचार सोडल्या तर सगळ्या जॅझच्या. बाकीच्या बरोबर लागतात. हेच एक नाही.

संत्राबर्फी
बँडमध्ये जॅझ! नवरदेव घोड्यावर आणि मागे जॅझ, मला पत्रिका पाठवा. पण हसण्यासारखं नाही त्यात. 'अलबेला' आला १९५१ ला, त्यातली सी. रामचंद्रांची गाणी वऱ्हाडातला प्रत्येक बँड अजून वाजवतो. त्यांच्याकडे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचे, गोव्याचे, रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत फिल्मी. म्हणजे तुमचा बँड आधीपासून जॅझच वाजवतोय, फक्त तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

आयटीआय_फिटर
आधी प्लेट तपासा. मोबाईलमधलं ॲप नको, कागद पुरे. एक चिंधी कागद रेकॉर्डच्या काठावर चिकटवा आणि सुई टेकवून घड्याळ लावून मोजा. ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. १०२ झाले तर प्लेयर दोषी.

उन्हाळी_पापड
रेकॉर्ड कुठे ठेवता ते कोणी विचारलंच नाही. टिनाखाली असतील तर मे महिन्यात ४५ डिग्रीला पापड होतो. उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक नको. आणि उधईपासून जपा, विनाइल ती खात नाही पण कव्हर खाते, आणि कव्हर गेलं की अर्धी किंमत गेली.

पिपाणी_आर्वी
मोजले. पोराले घड्याळ दिलं, मी कागद पाह्यला. तीन मिनिटांत १००. परत मोजले, १००. आता सांगा.

पट्टी_चिकटवा
सोपा उपाय. मोटरच्या पुलीवर सेलोटेपचा एक वेढा द्या. आमच्या आजोबांच्या प्लेयरचा वेग असाच ठीक केला होता.

आयटीआय_फिटर
पुली जाड झाली की प्लेट *आणखी जोरात* फिरेल. आजोबांचा हळू चालत असेल. कृपया वाचून लिहा.

तर्रीवाला
रेकॉर्ड कोणती, हे या धाग्यावर अजूनही गुपित आहे. नाव टाइप करायला पैसे पडत नाहीत.

पिपाणी_आर्वी
माइल्स डेव्हिसची, जॅझचा ट्रम्पेटवाला. 'काइंड ऑफ ब्लू'. लेबल नारिंगी, सीबीएस कंपनीचं. मले वाटलं नावाचा काय संबंध. पहिलंच गाणं बसवून राह्यलो, 'सो व्हॉट'. सोपं वाटते न, पेटीवर पांढरी दोनले सा धरला का सरळ काफी हाय, गंधार निषाद कोमल. सोळा मात्रांचं नाही, सोळा बारचं, एका बारात चार मात्रा, मंग आठ बार अर्धा सूर वर काळी दोनवर, परत आठ खाली. बसलं बी. पण रेकॉर्डवरचा सा पांढरी दोनच्या जराशा वर, काळी दोनच्या लय खाली. पेटीत तो सूरच नाही. क्लॅरनेटचं बॅरल, तोंडाजवळचा तो लहान तुकडा, पूर्ण आत ठोकलं तरी मी खालीच राह्यतो. दुसऱ्या बाजूले बॅरल परत होतं तिथं ओढा लागते. किती वेळा ठोकू न ओढू, बुचाची वळी झिजली.

शुद्ध_काफी
काफी हा राग आहे, थाटही आहे, पण नुसते स्वर जुळले म्हणजे राग होत नाही. ठुमरी-होरीत काफी कशी वागते ती ऐका. त्या लोकांच्या मोडला (स्वरांच्या पट्टीला) काफी म्हणणं म्हणजे पुरणपोळीला पॅनकेक म्हणणं.

संत्राबर्फी
थाटाचे स्वर आहेत एवढंच ते म्हणाले. बँडवाल्याने पेटीवर पट्टी शोधून काढली त्याचं कौतुक करा की.

शुद्ध_काफी
कौतुक आहेच. शिस्त पण हवी.

उशिरा_आलो
थांबा, थांबा. पिपाणीभाऊ, तुम्ही वर जाता जाता जे लिहिलं तेच उत्तर आहे. *दुसऱ्या बाजूला बॅरल परत ओढावं लागतं.* म्हणजे एकच प्लेयर, एकच तबकडी, एक बाजू चढी आणि एक बरोबर. मग प्लेयर, लाईट, सुई, फ्रिज सगळे निर्दोष. रेकॉर्डच तशी छापली आहे.

ती दोन दिवसांत भरली गेली. पहिली बाजू २ मार्च १९५९ ला, दुसरी २२ एप्रिलला, न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. पहिल्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू चाललेल्या मशीनवर भरलेली टेप बरोबर वेगाने वाजवली की सूर चढतो. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी, 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर', 'ब्लू इन ग्रीन', जरा चढीच बाहेर पडली आणि तीस वर्षांहून जास्त काळ तशीच छापत राहिली. त्या दिवशी शेजारी राखीव टेपसाठी दुसरं मशीन चालू होतं, ते बरोबर वेगाचं होतं. १९९२ मध्ये त्या राखीव टेपवरून नवी आवृत्ती काढली तेव्हा सूर जागेवर आला. तुमची सीबीएसची प्रत आधीची आहे.

'सो व्हॉट'मध्ये पियानोवर बिल एव्हान्स होता आणि त्याचा पियानो काही पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये लावलेला नव्हता. तुमचा कान बरोबर आहे, भाऊ.

आयटीआय_फिटर
हे मान्य. आणि १०० फेऱ्यांशी जुळतं पण.

फेज_गेली
तरी स्टॅबिलायझर असलेला बरा.

लाखेची_तबकडी
माहीत होतं मला हे. ७८ म्हटलं नसतं तर मीच सांगणार होतो.

तर्रीवाला
७८ तुम्हीच म्हटलं होतं.

उशिरा_आलो
उपाय तीन. वेग कमी करायची खुंटी असलेला प्लेयर कुणाकडून आणा आणि पहिल्या बाजूपुरता थोडा उतरवा. नाहीतर १९९७ नंतरची कोणतीही सीडी घ्या, ती बहुतेक दुरुस्त केलेली असते. नाहीतर पोराच्या मोबाईलवर लावा, तिथे बहुतेक तीच आवृत्ती येते. एकदा मोबाईलवर वाजवून सांगा, म्हणजे माझंही समाधान होईल.

पिपाणी_आर्वी
लावलं. बॅरल होतं तिथंच ठेवलं, हात नाही लावला. पोरानं मोबाईल स्टीलच्या गंजात, पातेल्यात, ठेवला, आवाज मोठा येते म्हणून. पह्यल्या बासच्या सुरालाच सा मिळाला. घरात कोणाले काही समजलं नाही, मीच एकटा हसलो. दोन महिने मी गॅरार्डच्या रबरी चाकाले पावडर लावून राह्यलो होतो न बावा.

नागपूर_खरेदी
जुनी सीबीएस प्रत आहे म्हणता, विकायची आहे का? कव्हरचा फोटो टाका. आता तुम्हाला तिचा उपयोग नाही.

पिपाणी_आर्वी
विकत नाही. मोबाईलवर सूर बरोबर हाय पण तो ट्रम्पेट खोलीत येत नाही, गंजातच राह्यते. रेकॉर्डवर येते. मी असं ठरवलं, माझं बॅरल ६५ मिलिमीटरचं हाय, गावात लेथवाला हाय, त्याच्याकडून शिसमाचं ६२ चं दुसरं करून घेतो. पह्यल्या बाजूले ते, दुसऱ्या बाजूले हे.

उशिरा_आलो
अहो, १९५९ च्या मशीनच्या चुकीसाठी क्लॅरनेट कापणार? बॅरल आखूड केलं की गळ्याचे, म्हणजे क्लॅरनेटच्या वरच्या तुकड्यातले, सूर बाकीच्यांपेक्षा जास्त चढतात. मधला सा आणि वरचा सा एकमेकांशी भांडतील.

पिपाणी_आर्वी
ते ओठानं सांभाळतो. लग्नात डीजेच्या बाजूनं वाजवतो मी. लेथवाल्याले उद्याच बोलावलं.

नागपूर_खरेदी
बाकीच्या तेरा-चौदा विकणार का?

पिपाणी_आर्वी
खोक्यात किती हाय ते मी सांगतलंच नव्हतं.