वस्तीत नळ-ड्रेनेज देणं म्हणजे अतिक्रमणाला बक्षीस?

नलिनी, सुदामा नगर
काल ‘जुना इंदूरकर’ यांनी लिहिलं की नाल्याकाठच्या वस्त्यांना नळ आणि ड्रेनेज देऊ नका, ते अतिक्रमणाला बक्षीस आहे. सगळ्यांना उचलून मल्टीत, म्हणजे सरकारी बहुमजली इमारतींत, पाठवा. वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

माणसं नाल्याकाठी हौसेने राहायला गेली नाहीत. सखल, चिखलाची जागा कुणालाच नको होती, ती त्यांच्या वाट्याला आली. आणि ड्रेनेजची लाइन टाकायची तर ती उतारानेच न्यावी लागते, म्हणजे याच वस्त्यांमधून. १९८९ पासून हिमांशु पारीख या अभियंत्याने आपल्या इंदुरात हेच करून दाखवलं. वस्त्यांतून लाइन नेली की वस्तीचं काम होतं आणि शहराचंही, पंपाचा खर्च वाचतो. रस्ता जोत्यापेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी रस्त्यावरूनच निघून जातं. सार्वजनिक संडास नको, घरटी संडास. ब्रिटिश सरकारच्या मदतीने १८३ वस्त्या यात घेतल्या, १९९८ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. शिवाय १९८४ च्या कायद्याने मध्य प्रदेशात शहरातल्या भूमिहीनांना पट्टे, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काचे कागद, दिले. पट्टा हातात असलेल्या माणसाला अतिक्रमणवाला कोणत्या तोंडाने म्हणता?

जुना इंदूरकर
ताई, पुरस्कार मिळाला, मान्य. शहरातली कान्ह नदी स्वच्छ झाली का त्याने? आमच्या मागच्या वस्तीत त्याच काळातली लाइन आहे. पावसाळ्यात चेंबर उफाळतं आणि मैला लोकांच्या ओट्यावर येतो. आम्ही संपत्तीकर भरतो, जलकर भरतो. पट्टे कधी वाटले जातात हेही सगळ्यांना ठाऊक आहे, निवडणूक आली की.

निवृत्त उपअभियंता
चेंबर का उफाळतं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. गल्लीतली लाइन झाली, तिला पुढे घेऊन जाणारी मोठी लाइन बऱ्याच ठिकाणी पूर्ण झाली नाही. मग मैला जाणार कुठे? दुसरं म्हणजे पाणी. ड्रेनेज असलेल्या शहरात दरडोई रोज १३५ लिटर पाणी हवं, नसेल तर ७० लिटर, असं केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्येच आहे. सार्वजनिक नळावर त्यात फक्त ४० धरले आहेत. ड्रेनेजची लाइन स्वतःहून साफ राहायला प्रवाहाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग लागतो. बादलीभर पाण्यात तो येणार नाही, मैला तिथेच बसणार. आणि तिसरं म्हणजे बांधलं एका संस्थेने, सांभाळायचं दुसरीने. उद्घाटनाच्या फलकावर नावं सगळ्यांची असतात, चेंबर उपसायला कुणी नसतं. लोकांना दोष देऊ नका.

पारीखांची हीच पद्धत १९९५ पासून अहमदाबादेत ‘परिवर्तन’ नावाने चालली. तिथे प्रत्येक कुटुंबाने २००० रुपये भरले, आणि दहा वर्षं उठवणार नाही असं महापालिकेने लिहून दिलं. पैसे भरलेला माणूस चेंबर तुंबलं की भांडायला जातो.

मालवामाणूस
काका, इंदुरात पाणी १३५ लिटर येतं कुठे? नर्मदेकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर, पाचशे मीटरहून जास्त चढवून नर्मदा आणायची आणि टाकीत ओतायची. नळ एक दिवसाआड. वस्तीत शेवटच्या घरी धारही येत नाही, कारण वरच्या कॉलनीत प्रत्येक घरी नळाच्या लाइनवर पाणी ओढायची मोटर लावली आहे! आधी त्या मोटरी काढा, मग वस्तीवाल्यांना कायदा शिकवा.

शुभदा, रामबाग
आमच्याकडे आहे मोटर. नाही लावली तर वरच्या मजल्यावर थेंब चढत नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांनी बादल्या वाहायच्या का? सगळे लावतात म्हणून आम्हालाही लावावी लागते. उगाच चोर म्हणू नका.

मालवामाणूस
चोर म्हटलं नाही. पण लाइनवर थेट मोटर लावणं हा गुन्हा आहे हे तुम्हालाही माहीत आहे. जमिनीत हौद बांधा, त्यात पाणी आपसूक पडू द्या, आणि हौदातून मोटरने वर चढवा. लाइनमधून ओढता तेव्हा शेजाऱ्याचंच पाणी ओढता.

शुभदा, रामबाग
हौद बांधायला जागा दाखवा आमच्या वाड्यात. जुन्या घरात राहून बघा, मग बोला.

निवृत्त उपअभियंता
पाणी ओढण्याहून वाईट गोष्ट आहे. मोटर ओढते तेव्हा पाइपात दाब उरत नाही. वस्तीत घरगुती जोडणीची प्लास्टिकची नळी नालीतून गेलेली असते, सांध्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. दाब गेला की नालीतलं पाणी सांध्यातून आत शिरतं. नळ बंद असलेल्या दिवशीही हेच होतं. म्हणून नळ आला की आधी पिवळट, वास मारणारं पाणी येतं आणि बायका पहिली घागर ओतून देतात. मोटर रामबागेत, जुलाब वस्तीत.

शुभदा, रामबाग
हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तरी माझं म्हणणं तेच, दाब महापालिकेने द्यायचा. एकट्या माझ्या घरची मोटर काढून वस्तीला पाणी पोहोचणार नाही.

नलिनी, सुदामा नगर
विषय मोटरीवर गेला, पण मल्टीचं राहिलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं, शहराबाहेर. तिथे वरची टाकी भरायला बोरिंग, बोरिंगच्या मोटरीचं बिल कुणी भरायचं यावरून भांडण, वीज कापली की सगळी मल्टी कोरडी. त्या खाली टँकरच्या रांगेत उभ्या राहतात आणि भरलेले डबे जिन्याने वर नेतात. कामावर यायला ऑटोचे पैसे वेगळे. वस्तीत निदान अंगणातला नळ होता. अखेर मल्टीतलं घर भाड्याने देऊन त्या परत नाल्याकाठी आल्या. कागदावर त्यांचं पुनर्वसन झालेलं आहे!

जुना इंदूरकर
म्हणजे सरकारी घर भाड्याने दिलं आणि पुन्हा नाल्याकाठी. हेच तर मी म्हणत होतो.

मालवामाणूस
तुम्हाला त्या बाईचे डबे दिसले नाहीत, भाडं तेवढं दिसलं. कमाल आहे.

जुना इंदूरकर
आवाज चढवू नका. पुढची लाइन अपुरी ठेवून गल्लीत ड्रेनेज टाकणं हा मूर्खपणा, एवढं काकांचं मान्य. दोन हजार भरणाऱ्याला नळ द्या, हेही चालेल. पण पूररेषेच्या आतल्या घरांना पक्की जोडणी द्यायला माझा विरोध राहणार. पाऊस जोरात झाला की तिथली माणसं शाळेत हलवावी लागतात.

नलिनी, सुदामा नगर
पूररेषेच्या आतली घरं हलवायला माझीही हरकत नाही. मात्र हलवायचं तर त्याच प्रभागात, चालत कामावर जाता येईल इतकं जवळ, आणि नळ सुरू झाल्यावर. काका, मोठी लाइन कुठवर आली आहे हे प्रभागवार मिळू शकेल का? माहिती अधिकारात अर्ज टाकायला मी तयार आहे.

निवृत्त उपअभियंता
टाका. नकाशा मागा, आणि सोबत प्रत्येक टाकीवरून शेवटच्या नळाला किती दाब पोहोचतो तेही मागा. मजकूर मी लिहून देतो.