अकरावीला व्होकेशनलमध्ये 'मार्केटिंग अँड रिटेल' घ्यावं का? नाशिकमधल्या कोणाचा अनुभव आहे का?

शिलाईघर_सिडको

नमस्कार. मुलीचा दहावीचा निकाल लागला, ५६ टक्के. शाळेत नववी-दहावीला तिला रिटेल हा विषय होता आणि सगळ्यात जास्त मार्क त्यातच पडलेत. आता तिचं एकच पालुपद, अकरावीला व्होकेशनलमध्ये मार्केटिंग अँड रिटेल मॅनेजमेंट घेते. तिचे बाबा अंबडला कंपनीत आहेत. ते म्हणतात साधं कॉमर्स घे, पुढचं पुढे बघू. मोठ्या जाऊबाईंनी तर सरळ सांगितलं, "दुकानात उभं राहायला काय शिकायला लागतं? उद्या शालिमारला जाऊन विचारलं तरी काम मिळेल."

मी घरी ब्लाउज शिवते. मागच्या दिवाळीत मुलीने गल्लीच्या तोंडाशी पणत्या-रांगोळीचं टेबल मांडलं होतं. एक बाई पणत्या घ्यायला आल्या, तर हिने विचारलं, "काकू, देवघरात लावायच्या की गॅलरीत?" गॅलरीत म्हटल्यावर वाऱ्याने विझू नयेत म्हणून खोलगट पणत्या शोधून दिल्या, वर वातींचं पाकीट. त्या बाई दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन आल्या. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून मला तिचं म्हणणं उडवून लावावंसं वाटत नाही.

पण माहिती काहीच नाही. पुढे बी.कॉम. करता येतं का? कॉलेजात खरोखर काम शिकवतात की जर्नल भरून घेतात? आणि नंतर माल लावण्यापलीकडचं काम मुलीला मिळतं का? कोणी म्हणतं व्होकेशनल, कोणी बायफोकल, ते एकच का?

व्होकेशनलचे_सर (नाशिकरोड)

ताई, मी ज्युनिअर कॉलेजला हाच विषय शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमच्या जाऊबाईंचा प्रश्न आधी घेतो, कारण पालकसभेत तो हमखास यायचा.

बिल १३७ रुपयांचं आहे, गिऱ्हाइकाने २०० ची नोट दिली. न शिकलेलं पोरगं नोट गल्ल्यात टाकतं, कॅल्क्युलेटरवर वजाबाकी करतं आणि ६३ रुपये हातावर ठेवतं. गिऱ्हाईक म्हणालं, "मी पाचशेची दिली होती," की पोरगं रडकुंडीला येतं. आम्ही वर्गात खोट्या नोटा घेऊन हे घोटून घ्यायचो. नोट घेताना मोठ्याने म्हणायचं, "दोनशे घेतले." नोट आत टाकायची नाही, गल्ल्याच्या वर आडवी ठेवायची. मग समोरच्याच्या हातावर मोजत जायचं: एकशे सदतीस, तीन दिले एकशे चाळीस, दहा दिले दीडशे, पन्नास दिले दोनशे. त्याने मान हलवली की मग नोट आत. एवढ्याशा सवयीने रात्रीचा हिशेब जुळतो आणि पोरीवर आळ येत नाही.

दुसरं, ८० ला आणलेली वस्तू १०० ला विकली तर नफा किती टक्के? काही मुलं २० म्हणायची, काही २५. दोन्ही बरोबर, विक्रीवर धरलं तर २० आणि खरेदीवर धरलं तर २५. हा फरक डोक्यात पक्का नसेल तर काय होतं? "आपल्याला २५ टक्के सुटतात" म्हणून कोणी २५ टक्के सूट लावतो, १०० ची वस्तू ७५ ला जाते आणि पाच रुपये अंगावर येतात. भलेभले धंदेवाले इथे फसलेले मी पाहिलेत.

आता तुमचं विचारलेलं. बायफोकल वेगळं. त्यात मूल नेहमीच्याच शाखेत असतं आणि २०० मार्कांचा एक व्यवसाय विषय घेतं. तुमची मुलगी म्हणतेय ते एच.एस.सी. व्होकेशनल, पूर्वीचं एम.सी.व्ही.सी. ही अख्खी वेगळी शाखा आहे, भाषा आणि फाउंडेशन कोर्स सोडला तर सगळे विषय व्यवसायाचे आणि प्रात्यक्षिकाचा वाटा मोठा. परीक्षा बारावी बोर्डाचीच. त्यानंतर बी.कॉम.ला जाता येतं, माझे कितीतरी विद्यार्थी गेले. शिवाय अप्रेंटिसशिपचा रस्ता आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात १९८६ च्या दुरुस्तीने बारावी व्होकेशनलवाल्यांना सामावून घेतलंय, त्यात शिकताना विद्यावेतन मिळतं. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मात्र कोर्सचा सगळा जीव ऑन द जॉब ट्रेनिंगमध्ये आहे. मुलं प्रत्यक्ष दुकानात काम करायला जातात तो भाग. एका मोठ्या दुकानाने आमच्या मुलींना तळघरात टॅग लावायला बसवलं होतं, गिऱ्हाईक एकदाही दिसू दिलं नाही. मी भांडून मुलींना तिथून काढलं आणि दुसरीकडे लावलं. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात स्वतः जा. प्रॅक्टिकलची खोली उघडून दाखवा म्हणा. बिलिंगचा संगणक चालू आहे का, स्कॅनर आहे का, रॅकवर माल मांडलाय की धूळ बसलीय, ते बघा. बारावीच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, "तुला ट्रेनिंगला कुठे पाठवलं, आणि तिथे दिवसभर काय करत होतीस?" या उत्तरावर निर्णय घ्या, शिक्षक काय म्हणतात त्यावर नको. मी शिक्षक असून सांगतोय.

अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदललेत, १२ टक्क्यांचा टप्पा गेला आणि बहुतेक माल ५ नाहीतर १८ मध्ये आला. तिथले शिक्षक मुलांना आजची खरी बिलं आणून दाखवतात की जुन्याच पुस्तकातून गणितं घालतात, हेही विचारून घ्या.

मेनरोड_साडीवाले

सर बोलले ते गल्ल्यापुरतं शंभर टक्के खरं. मी जरा काउंटरच्या अलीकडचं सांगतो. आमचं मेन रोडला साड्यांचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं. व्होकेशनलच्या मुली ट्रेनिंगला आमच्याकडे येतात.

ताई, लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी येतात तेव्हा गादीवर दहा-बारा जण बसतात. नवरी असते, आई असते, दोन मावश्या, एक आत्या, कोपऱ्यात मोबाईल बघणारे वडील. नवीन मुलगी नवरीकडे बघून साड्या टाकत सुटते. पण साडी कोणाच्या "हं"वर पास होतेय हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखावं लागतं, आणि बऱ्याचदा ती आत्या निघते. मी मुलींना सांगतो, आधी पाणी द्या आणि पाच मिनिटं फक्त ऐका. बजेट तोंडावर विचारायचं नाही. मधल्या भावाच्या तीन साड्या टाकायच्या. हात कुठल्या साडीकडे जातो आणि नजर किमतीच्या चिठ्ठीवर किती वेळ थांबते, त्यावरून वर जायचं की खाली ते समजतं. शालू वेगळा, मानपानाच्या साड्या वेगळ्या ठेवायच्या, नाहीतर शेवटी हिशेबाला गोंधळ होतो आणि चिडचिड आपल्यावर निघते.

आणि मालाची माहिती. येवला आपल्या जिल्ह्यात, म्हणजे पैठणी विचारणारं गिऱ्हाईक रोजचं. हल्ली लोक मोबाईल पुढे करतात, "हीच पैठणी यात निम्म्या किमतीत आहे." तिथे वाद घालायचा नाही. आपल्याकडची हातमागाची असेल तर पदर उलटा करून त्यांच्या हातात द्यायचा. हातमागावर विणलेला मोर उलट्या बाजूनेही तसाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या पुष्कळशा साड्यांना मागे सुटे धागे नाहीतर जाळी दिसते. गिऱ्हाईक स्वतः बघतं आणि स्वतःच ठरवतं. आणि आपल्याकडची यंत्रावरची असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, लपवायचं नाही. माझ्या दुकानात हा नियम वडिलांपासून आहे आणि ट्रेनिंगच्या मुलीलाही तोच लागू.

तुमच्या मुलीने "देवघरात की गॅलरीत" विचारलं ना, तिथेच मी ओळखलं. साड्यांच्या घड्या घालायला मी कोणालाही शिकवीन, पण समोरच्याला नेमकं काय हवंय हे विचारायचं सुचणं फार थोड्यांना जमतं. तिला अडवू नका.

फ्लोअर_इनचार्ज

काकू, मी हाच कोर्स केलाय. आता एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये किराणा आणि बेकरी विभाग सांभाळते.

मुलाखतीत मला विचारलं होतं, "ब्रेडचा रॅक कसा भरशील?" मी सांगितलं, नवीन माल मागे, जुना पुढे, आणि भरताना प्रत्येक पाकिटाची तारीख बघणार. शेजारी बसलेल्या पदवीवाल्या मुलाला हे सांगता आलं नाही. कोर्सचा फायदा मला तिथे पहिल्यांदा दिसला. सुरुवात मात्र माल लावण्यापासूनच झाली, ते खोटं सांगणार नाही. फरक इतका की मला स्टॉकचे आकडे वाचता येत होते, त्यामुळे वरचं काम लवकर हातात आलं.

पण त्रासाचंही ऐका. दिवसभर उभं राहावं लागतं. पोटऱ्या भरून येतात, सुरुवातीला रात्री झोप लागायची नाही. चांगले बूट घेऊन द्या, तिथे काटकसर नको. सुट्टी मधल्या वारी मिळते. दिवाळीत सगळं घर एकत्र असतं तेव्हा आपण कामावर. स्टॉक मोजणी असली की रात्री उशीर होतो, तेव्हा घरी सोडायची सोय आहे का हे आधीच विचारायचं. मी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. माझ्या केंद्रावर वर्ग रविवारी असायचे आणि दुकानात सगळ्यात गर्दी रविवारीच. साहेबांशी बोलून पाळी बदलून घेत होते, प्रत्येक ठिकाणी असं ऐकून घेतीलच असं नाही.

नोकरी घेताना एक गोष्ट नक्की बघा, पगार दुकानाकडून आहे की मधल्या एजन्सीकडून. माझी पहिली नोकरी एजन्सीची होती. पीएफ कापला जायचा पण खात्यात वेळेवर जमा व्हायचा नाही, त्यासाठी मला खूप फेऱ्या माराव्या लागल्या. पगाराची स्लिप, यूएएन नंबर (पीएफचा आपला कायमचा नंबर) आणि ईएसआयचं (कामगार आरोग्य विम्याचं) कार्ड पहिल्या महिन्यातच मागायचं. ईएसआयसाठी आपल्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालकाचे सव्वातीन टक्के. आजारपणात ते फार उपयोगी पडतं, माझ्या आईच्या ऑपरेशनला पडलं.

शिलाईघर_सिडको

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना यांना ८०-१०० चा हिशेब विचारला. हे लगेच म्हणाले २५. मुलगी म्हणाली, "बाबा, कशावर धरून?" आणि वहीच घेऊन बसली. हे अजून हो म्हणाले नाहीत, पण उद्या सुट्टी टाकून कॉलेज बघायला येतो म्हणालेत. बूट आणि यूएएनचं लिहून ठेवलंय.

साडीवाले दादा, अकरावीच्या आधी थोडे दिवस तिला कुठे दुकानात बसवता येईल का? म्हणजे तिलाही कळेल झेपतंय का.

मेनरोड_साडीवाले

येऊ द्या की. आषाढात लग्नं नसतात, दुकान निवांत असतं, शिकवायला वेळ मिळतो. पहिल्या दिवशी तुम्हीही या सोबत, कुठे बसणार, कोण कोण असतं ते बघून जा. दुपारच्या दोन-तीन तासांपेक्षा जास्त थांबवणार नाही, तिचं वय लहान आहे.

व्होकेशनलचे_सर (नाशिकरोड)

चांगलं झालं. पण ताई, आधी कॉलेज. प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या तर वर्ष जातं. उद्या जाल तेव्हा दहावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. काही अडलं तर इथे लिहा, मी संध्याकाळी बघतो.