कोपऱ्यावरचा उकिरडा: तुमच्याकडे लोक काय म्हणतात?

गल्लीच्या टोकाला रात्रीत कुणीतरी जुनी गादी टाकून गेलं. बघता बघता तिथे फुटका कमोड, राडारोडा आणि गाठी मारलेल्या पिशव्या साचल्या. टाकणाऱ्यांइतकाच राग मला रोज तिथून नाक दाबून जाणाऱ्यांचा येतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आपल्या दारात नाही ना!" तुमच्याकडे कुणी हटकतं का? काही बदललं असेल तर सविस्तर लिहा.

तळमजला
ढीग आमच्या खिडकीखाली, म्हणून तक्रारही आम्हीच करायची असा वरच्या मजल्यांचा समज. त्यात टायर होते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या टायरला चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पाणी साचलं की फुटतात. हे सांगितल्यावर लहान मुलं असलेल्या घरांतली माणसं टायर हलवायला खाली उतरली. दुर्गंधीने जे झालं नव्हतं, ते तापाच्या भीतीने झालं.

पायी फिरणारा
टेम्पोतून राडारोडा ओतणाऱ्याला मी हटकलं. तो शांतपणे म्हणाला, "इथं आधीपासूनच पडलाय की." चीड आली, पण माणसं अशीच वागतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवून एक प्रयोग झाला होता, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. शेजारची भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद तिथेच टाकला, भिंत रंगाने खरडलेली असताना ६९ टक्क्यांनी. म्हणून पहिली पिशवी लगेच उचलली गेली पाहिजे, असं मी भेटेल त्याला सांगतो.

शेजारीण
कोण टाकतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण रोज तोंड बघायचं, वाकडं कोण घेणार?

नूतनीकरण चालू
घराचं काम काढलं की लोक कंत्राटदाराला "राडारोडा घेऊन जा" एवढंच सांगतात, कुठे ते विचारत नाहीत. जबाबदारी तिथेच झटकली जाते. मी ठरवूनच टाकलं होतं: अधिकृत जागी टाकल्याची पावती दाखवा, मग शेवटचा हप्ता. पहिल्याने काम नाकारलं, दुसऱ्याने कुरकुरत का होईना पावती आणली.

तळमजला
@पायी फिरणारा, टेम्पोचा नंबर टिपलात का? आमच्या तक्रारीची दखल फोटोत नंबर स्पष्ट दिसला तेव्हाच घेतली गेली.